खूळ नव्हे, अभ्यास

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बारावी सायन्सला. तिनं बी.एस्सी. ॲग्री करावं आणि परदेशातली जालीम बुरशी आणून जैविक कीटकनाशकाचा कारखाना काढावा, ही माझी इच्छा. ती म्हणते, परकी रोगबुरशी इथल्या किड्यांवर सोडणं घातक आहे, मला इकॉलॉजी शिकायचीय. हे खूळ कसं काढू? – एक पालक

उत्तर : पत्रभर दुकान, कारखाना आणि तुमची इच्छा. मुलीचं एकच वाक्य आहे आणि नेमकं तेच बरोबर आहे. पोरीनं धंद्यातली चूक आधीच दाखवली, तर त्याला खूळ म्हणायचं? मी असतो तर तिला समोर बसवून आणखी चार प्रश्न विचारले असते.

‘जैविक म्हणजे निर्धोक’ हा समज काउंटरवर खपतो, रानात नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या कृषी खात्यानं नॉर्थ डकोटातल्या कुरणांत नाकतोड्यांवर ऑस्ट्रेलियातली बुरशी सोडली. या गटातल्या बुरशीनं ग्रासलेला नाकतोडा गवताच्या शेंड्यावर चढतो आणि काडीला घट्ट धरून तिथंच मरतो. परकी कीड आली की तिच्या मायदेशातला शत्रू मागवतात, ते वेगळं. इथं नाकतोडे मूळचे आणि रोग परका. वायोमिंग विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवूड यांनी 1993 मध्ये याविरुद्ध लिहिलं. पश्चिम अमेरिकेत नाकतोड्यांच्या शेकडो जाती आहेत, नुकसान करणाऱ्या थोड्याच. एक जात तर स्नेकवीड हे झुडूप खाते, जे खाऊन गाभण गाई गाभडतात. बुरशी या जातीला वगळेल याची हमी कोण देणार? औषधाची फवारणी बंद करता येते, रुजलेली बुरशी माघारी बोलावता येत नाही. ती तिथं फारशी टिकली नाही, हे नशीब म्हणायचं. आणि हो, अशी बुरशी भारतात आणायला केंद्र सरकारचा परवाना लागतो, विकायला नोंदणी. दुकानदार म्हणून हे तुम्हाला ठाऊक असणारच.

कृषीच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी ही परीक्षा, मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या आयसर संस्थांसाठी आयएटी. दोन्ही देऊ दे. पुढे कीटकशास्त्र घेतलं, तर बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत तिला पडलेल्या प्रश्नांवरच काम चालतं.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. दुकानाचा विषय त्यात तिनं काढला, तरच मी त्यावर बोलेन.