वाचकांचे प्रश्न : मोटारी आणि ट्रकची स्केल मॉडेल

सुट्या भागांच्या किटमधून मोटारी आणि ट्रकची छोटी मॉडेल जोडण्याविषयी विदर्भातील गावांमधून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात मी १:२४ मापाच्या (म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या) मोटारीला स्प्रे कॅनमधून काळा लॅकर रंग दिला. उकाड्यामुळे खोलीत कूलर सुरू होता. रंग वाळल्यावर त्यावर दुधासारखी पांढरट झाक आली. पुढच्या वेळी दुपारी अंगणात रंग दिला, तर पृष्ठभाग खरखरीत झाला. रंगातच दोष असेल काय?
— एक वाचक, वरूड तालुका

उत्तर : रंग चांगला असावा, दोन्ही वेळा हवेने घात केला आहे. लॅकरमधील थिनर झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागातील उष्णता घेऊन जातो, त्यामुळे रंगाचा थर काही क्षण भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. हवेत बाष्प अधिक असेल तर ते त्याच क्षणी ओल्या रंगावर धरते आणि थरात अडकून पांढरे दिसते. कूलर ओल्या ताट्यांतून हवा ओढतो, म्हणजे बंद खोलीत तो पावसाळाच तयार करतो. आपली मोटार मात्र वाया गेलेली नाही. कोरड्या हवेच्या दिवशी त्याच रंगाचा एक पातळ पण ओलसर हात द्यावा. खालचा थर थोडा विरघळतो, अडकलेले बाष्प निघून जाते आणि झाक बहुतेक वेळा नाहीशी होते.

अंगणात नेमके उलटे घडले. ४४-४५ अंशांच्या कोरड्या झळेत रंगाचे थेंब मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच अर्धवट वाळतात आणि धुळीसारखे वर बसतात. असा पृष्ठभाग पूर्ण वाळू द्यावा, १५०० व नंतर २००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावा आणि मग पुन्हा रंग द्यावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की विदर्भात रंगकाम दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच करावे. उन्हाळा आणि पावसाळा भाग कापण्यात, कानशीने साफ करण्यात, इंजिन व चासी (गाडीचा खालचा सांगाडा) जोडण्यात घालवावा. त्या कामाला हवेची अडचण नाही. थंडीतही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहाटेच्या गारठ्यात कॅनमधील दाब कमी होतो आणि रंग थुंकल्यासारखा येतो, म्हणून कॅन काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा. चुलीजवळ किंवा उन्हात तापवणे धोक्याचे आहे. दुसरे असे की हेच दिवस कापसाच्या हंगामाचे आहेत, आणि गावाजवळ जिनिंग असेल तर हवेत तरंगणारे कापसाचे तंतू ओल्या रंगावर हमखास बसतात. रंग देताच मॉडेलवर स्वच्छ प्लास्टिकचा डबा पालथा घालावा.

आपण पत्राच्या शेवटी तालुक्याच्या दुकानातील गाडीच्या रंगाचा थिनर वापरण्याविषयी विचारले आहे. तो वापरू नये. किटचे भाग पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि तो थिनर त्यांना खातो; पृष्ठभाग भेगाळतो आणि बारीक रेषा विरघळून जातात.

प्रश्न : माझ्या वडिलांनी वणीच्या भागात अनेक वर्षे जुना टाटा-मर्सिडीज ट्रक चालवला. त्या ट्रकचे मॉडेल त्यांना करून द्यावे अशी इच्छा आहे, पण किट कोठेच मिळत नाही. घरी बाजूने काढलेला एकच फोटो आहे. तेवढ्यावर काम होईल काय?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : होईल, आणि किट मिळाले नाही याची खंतही बाळगू नये. टाटा आणि मर्सिडीज बनवणारी डेमलर-बेंझ कंपनी यांचा करार १९५४ ते १९६९ असा चालला, पण आपल्याकडे कंपनीकडून ट्रक पुष्कळदा नुसत्या चासीच्या रूपात येत असे आणि केबिन, हौदा, फाळके हे सारे गावोगावचे कारागीर लाकूड व पत्रा वापरून बांधत. त्यामुळे दोन ट्रक सहसा तंतोतंत सारखे नसत. एखाद्या कंपनीने किट काढले असते तरी ते आपल्या वडिलांच्या ट्रकचे झाले नसते. आपल्या कामासाठी तो फोटोच प्रमाण आहे.

प्रथम वडिलांना टायरचे माप विचारावे. आयुष्यभर स्टेअरिंग धरलेल्या माणसाला ते बहुधा आठवते. समजा ते ९.००-२० निघाले, तर तो टायर बाहेरून सुमारे १०२० मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे १:२४ मापात साधारण ४२ मिलिमीटर. आता झेरॉक्सच्या दुकानात फोटो इतका मोठा करून घ्यावा की त्यातील टायर ४२ मिलिमीटरचा होईल. झाला आपला १:२४ मापाचा आराखडा! टायर आडवा मोजावा, कारण उभ्या दिशेने तो भाराखाली थोडा दबलेला असतो. फोटो तिरका काढलेला असेल तर मात्र लांबीचे माप फसवे येईल. अशा वेळी चाकांमधील अंतर वडिलांकडून किंवा उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या ट्रकवरून तपासून घ्यावे.

चाकांसाठी इटालेरी कंपनीचे १:२४ मापाचे एखादे युरोपीय ट्रकचे किट उपयोगी पडेल. त्यांतील आधुनिक ट्रकांचे टायर बाहेरून जवळपास याच व्यासाचे असतात, पण त्यांची रिम २२.५ इंची असते आणि जुन्या ट्रकची २० इंची, म्हणून ती जागा प्लास्टिक शीटच्या कड्याने भरून घ्यावी. चासी आणि बॉनेट त्याच शीटमधून कापता येतात. हौद्यासाठी मात्र खरे लाकूडच घ्यावे. ४० मिलिमीटर जाडीची फळी या मापात जेमतेम पावणेदोन मिलिमीटरची होते आणि तेवढ्या जाडीच्या पट्ट्या गावचा सुतार सागाच्या तुकड्यातून काढून देऊ शकतो. तान्ह्या पोळ्यासाठी चाकांचे लाकडी नंदी घडवणाऱ्या आपल्याकडच्या सुतारांना छोट्या मापाचे काम नवे नाही, आणि मला तर हा छंद त्याच परंपरेतला वाटतो. केबिनवरची अक्षरे व नक्षी शेवटी, बारीक ब्रशने, वडिलांना शेजारी बसवून काढावी. फोटोत न दिसणारे रंग त्यांच्याकडूनच कळतील.

प्रश्न : यजमानांनी घेतलेल्या किटची खोकी माळ्यावर तशीच बंद पडून आहेत. न उघडता ठेवली तर त्यांची किंमत वाढते, असे ते म्हणतात. हे खरे आहे काय? घरावर पत्रे आहेत आणि वाळवीचाही त्रास आहे.
— एक वाचक भगिनी, आर्वी

उत्तर : काही दुर्मीळ किटची किंमत वाढते, पण त्या भरवशावर राहू नये, कारण कंपन्या जुन्या साच्यांतून तीच किट पुन्हा काढतात आणि पूर्वीची टंचाई संपते. शिवाय बंद खोक्यातही माल जुना होतो. मऊ व्हायनिलचे टायर प्लास्टिकच्या भागाला चिकटून राहिले, तर त्यांतील तेलकट द्रव्य पॉलिस्टायरीनला वितळवून खड्डा पाडते. उष्णतेत हे लवकर घडते. डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरे व चित्रे, पिवळी पडतात. पत्र्याखालच्या माळ्यावर मोटारीच्या छतासारखे पातळ भाग वाकण्याचीही भीती असते.

तेव्हा खोकी आजच खाली काढावीत. टायर वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालावेत, डिकल सपाट ठेवून पिशवी बंद करावी, आणि सगळी खोकी भिंतीपासून थोड्या अंतरावर ठेवलेल्या लोखंडी कपाटात ठेवावीत. एवढे करूनही माझा आग्रह राहील की यजमानांनी त्यांतले एखादे किट या वर्षी जोडायला घ्यावे. बंद खोके कितीही जपले तरी त्यातली मोटार कोणी पाहिलेली नसते.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्याकडे १:२४ आणि १:२५ अशी दोन्ही मापांची मॉडेल आहेत. ती शेजारी ठेवली तर चुकीचे दिसेल का? आणि पुढची काच चिकटवल्यावर ती धुरकट का झाली?
— एक विद्यार्थी, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : खुशाल शेजारी ठेव. जपानी कंपन्या बहुतेक मोटारी १:२४ मध्ये काढतात आणि अमेरिकी कंपन्यांत १:२५ चा प्रघात आहे. सुमारे ४.३ मीटर लांबीची अॅम्बॅसडर पहिल्या मापात १७९ आणि दुसऱ्या मापात १७२ मिलिमीटरची होईल. सात मिलिमीटरचा हा फरक दोन वेगळ्या मोटारींत सहज लक्षात येत नाही.

काच धुरकट झाली ती झटपट चिकटणाऱ्या गोंदामुळे. त्याची वाफ जवळच्या पारदर्शक भागावर बसते आणि पांढरी होते. डाग वरवरचा असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून मग थोड्या टूथपेस्टने मऊ कापडावर चोळ. काच पुसायला थिनर मुळीच वापरू नकोस. पुढच्या वेळी पांढऱ्या फेव्हिकॉलचे बारीक ठिपके काडीने कडेला लाव. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, आणि जास्तीचा लागला तर ओला असतानाच पाण्याच्या बोळ्याने पुसून निघतो.