लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा सर्वांत थोर मॅनेजर कोण, शँक्ली की पेझली?

माझं मत शँक्लीनंतर मॅनेजर झालेल्या बॉब पेझलीला. भुसावळला रेल्वेच्या मैदानावर खेळून झालं की आमच्यात हा वाद हमखास निघतो, आणि बहुतेक जण बिल शँक्लीच्या बाजूने असतात.

त्यांचंही खरं आहे. १९५९ च्या डिसेंबरात शँक्ली आले तेव्हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. १९६२ ला वर आला, १९६४ ला इंग्लंडची लीग जिंकला. डोक्यापासून पायापर्यंत लाल पोशाखही त्यांचाच.

रावेरचा मित्र म्हणतो, "भाऊ, मशागत शँक्लीची, पेझलींनी नुसती केळी कापली." हे मला अजिबात पटत नाही. १९७७ मध्ये स्टार फॉरवर्ड केविन कीगन हॅम्बुर्गला गेला, तेव्हा पेझलींनी त्याच्या जागी केनी डाल्ग्लिश आणला. डाल्ग्लिशच्याच गोलवर पुढच्या वर्षी युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकला. आणि रे केनेडी बघा. शँक्लींनी आर्सेनलकडून आणलेला हा फॉरवर्ड. पेझलींनी त्याला डाव्या मिडफिल्डला खेळवलं आणि तिथेच तो खरा फुलला. खेळाडूकडे असं बघणारी नजर आयती मिळत नसते.

पेझलींच्या नऊ सीझनमध्ये सहा लीग, तीन युरोपियन कप (१९७७, १९७८, १९८१). शँक्लींच्या काळात हा कप एकदाही आला नाही.

नंतरचा मॅनेजर युर्गन क्लॉपने २०२० ला तीस वर्षांनी लीग आणली, त्याबद्दल मनापासून प्रेम आहे. पण या दोघांच्या रांगेत मी त्याला तिसराच ठेवीन.