पाणबुड्यांचा जर्मन शिकारी

प्रश्न : जर्मनांच्या यू-बोटी म्हणजे पाणबुड्या माहितायत, पण पाणबुड्या मारणारी जहाजं पण होती का त्यांच्याकडं? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : होती की! ओटो पोलमन या जर्मन नौदल अधिकाऱ्याचं नाव आपल्याकडं फारसं कुणाला ठाऊक नाही. भूमध्य समुद्रात यूजे-2210 हे शिकारी जहाज त्याच्याकडं होतं, 27 फेब्रुवारी 1943 ला काप्री बेटाजवळ त्यानं ब्रिटिशांची टायग्रिस पाणबुडी बुडवली, आतला एकही माणूस वाचला नाही, वाचून जीव हळहळतो. हत्यार म्हणजे डेप्थ चार्ज, स्फोटकांनी भरलेलं पिंपच, ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबानं फुटणारं, आणि थेट लागायलाच पाहिजे असं नाही, जवळ फुटलं तरी धक्क्यानं पत्रा फाटतो. पोलमनला 1943 ला नाइट्स क्रॉस हे जर्मनांचं मोठं शौर्यपदक आणि 1944 ला ओक लीव्हज ही त्याच्या वरची पायरी मिळाली. पण वर तेल नि बुडबुडे दिसले की पाणबुडी गेली असं बऱ्याचदा धरलं जायचं, म्हणून कुणी किती पाणबुड्या बुडवल्या याचे आकडे मी तरी जपूनच घेतो.