लिस्टवर स्टॅक पळतो, मग क्यूच का रखडतो?

तुम्ही पायथॉनच्या लिस्टवर अपेंड (शेवटी घालणं) आणि पॉप (काढणं) वापरून स्टॅक (शेवटी आलेला आधी बाहेर) केलात, तो छान चालला. क्यूसाठी (आधी आलेला आधी बाहेर) पॉप(०), म्हणजे पहिला घटक काढणं, लावलं आणि लाखभर घटकांवर प्रोग्रॅम रखडला. आतलं गणित समजून स्वतः क्यू लिहायचा म्हणता, तर तेच सांगतो.

स्टॅकची सगळी ये-जा शेवटच्या टोकाला असते, त्यामुळे बाकीच्यांना हात लागत नाही. लिस्टच्या आत ॲरे असतो, म्हणजे ओळीने लावलेल्या ठरावीक जागा. तो भरला की दुप्पट मोठा घ्यायचा आणि सगळं त्यात कॉपी करायचं. हे महागडं वाटतं, पण क्षमता १ वरून दुप्पट होत होत १०२४ वर जाईपर्यंत एकूण १०२३ घटकच कॉपी होतात, म्हणजे एका पुशमागे (नवीन घटक घालण्यामागे) जेमतेम एक. (पायथॉनची लिस्ट दुप्पट होत नाही, साधारण एक-अष्टमांशाने वाढते. तेही चालतं. दर वेळी ठरावीक १० जागा वाढवल्या तर मात्र बोंब.)

पॉप(०) मध्ये पहिला घटक गेला की मागचे सगळे एकेक जागा पुढे येतात. १ लाख घटक असे काढलेत तर सुमारे ५०० कोटी वेळा सरकवणं होतं.

म्हणून घटक सरकवू नका, सुरुवात सरकवा. हेड नावाचा एक इंडेक्स (पहिल्या घटकाच्या जागेचा क्रमांक) ठेवा. काढताना तो एकने वाढवा आणि क्षमतेने भागून बाकी घ्या, म्हणजे शेवटानंतर तो आपोआप शून्यावर येईल. नवीन घटकाची जागा: (हेड + संख्या) % क्षमता. टेल (शेवटाचा इंडेक्स) वेगळा ठेवण्यापेक्षा संख्या ठेवणं मला कधीही बरं वाटतं, कारण हेड आणि टेल एकाच जागी आले की क्यू रिकामा आहे की भरलेला, हे नुसत्या त्या दोघांवरून सांगता येत नाही. काढलेल्या जागी नन (None, पायथॉनमधली ‘काहीच नाही’ ही किंमत) ठेवायला विसरू नका, नाहीतर ती वस्तू मेमरीत अडकून राहते.

खरी गोची ॲरे वाढवताना होते. क्षमता ४, हेड २ आणि ॲरेमध्ये क्रमाने ग, घ, क, ख आहेत असं धरा. क्यूचा खरा क्रम क, ख, ग, घ. हे जसंच्या तसं ८ जागांत कॉपी केलंत तर क, ख नंतर थेट रिकाम्या जागा वाचल्या जातील आणि ग, घ मागेच राहतील. म्हणून हेडपासून क्रमाने कॉपी करा आणि हेड शून्य करा. जावामधला ॲरेडेक (ArrayDeque) हा तयार क्यूही असाच गोल फिरणाऱ्या ॲरेवर चालतो.

तपासायला क्षमता ४ ठेवा, तीन घटक घाला, दोन काढा, मग आणखी चार घाला आणि सगळे काढून क्रम बघा. ही चूक असेल तर लगेच पकडली जाईल.