उपासनेत गायला लागताना

चर्चच्या उपासनेत गायला सुरुवात केल्यावर लगेच नव्या चाली बसवण्याच्या मागे लागू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे दोन-तीन अभंग निवडा आणि घरी, कोणी ऐकत नसताना, ते प्रार्थना म्हणून गा. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही टिळकांनी अभंग-भजनांची वाट सोडली नाही, उलट त्याच घाटात आपली ख्रिस्तभक्ती मांडली, आणि म्हणूनच टाळ-तबल्याच्या साथीने येशूचे नाव घेणे आपल्या मंडळ्यांना परके वाटत नाही. (फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण तर 1616 मध्येच छापले गेले, तेही ओवीत, पाश्चात्त्य चालींनाच खरी उपासना मानणाऱ्यांना हे अवश्य सांगावे.)

मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो. त्या आखूड चरणाशी बहुधा अर्थ पुरा होतो, त्यामुळे तिथे तान घेण्याचा मोह आवरून शब्द स्पष्ट उच्चारलेले बरे.

पट्टीचे, म्हणजे गाताना कोणता स्वर ‘सा’ धरायचा याचे, मात्र नीट पाहा. तुमचा आवाज काळी चारमध्ये (पेटीवरची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) खुलत असला, तरी त्या पट्टीत बहुतेक पुरुषांना अंतरा, म्हणजे ध्रुवपदानंतरचे कडवे, वरच्या सप्तकात झेपत नाही आणि खालच्या सप्तकात ऐकू येत नाही. एकांतातील भक्तीत पट्टी तुमची, सामुदायिक गायनात ती सर्वांची, म्हणून गीतातील सर्वांत वरचा स्वर आदल्या दिवशीच पेटीवर तपासून घ्या. माइक आणि कीबोर्डवरचे तयार ठेके नंतर पाहता येतील.