कायदा आणि आपण : फ्लॅट पुण्यात, वारसा गोव्यातला

प्रश्न : बाबा गेल्या वर्षी वारले. घर डिचोलीत आहे, शिवाय नोकरीत असताना त्यांनी पुण्यात स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतला होता. मागे आई, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. तिघांचीही लग्नं झाली आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, घर गोव्याच्या कायद्याने वाटू, पण पुण्यात हिंदू वारसा कायदा लागतो आणि सोसायटीत नॉमिनी मीच आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : दोन्ही मुद्दे चूक. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी कुतिन्हो खटल्यात हाच प्रश्न निकाली काढला. तिथली मालमत्ता मुंबईत होती. गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, तिचा वारसा गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनेच ठरतो, असं न्यायालयाने सांगितलं. या निकालातली समान नागरी कायद्याबद्दलची दोन वाक्यं देशभर गाजली. गोवेकराच्या रोजच्या कामाचा हा भाग मात्र मागेच राहिला.

फरक किती पडतो, तो बघा. तुमच्या आईवडिलांनी लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक. म्हणजे फ्लॅटचा अर्धा हिस्सा आईचा, तो वारशात येतच नाही. उरलेल्या अर्ध्याचे तीन भाग, प्रत्येक मुलाला एकूण फ्लॅटचा सहावा. हिंदू वारसा कायद्याने चौघांना चौथा-चौथा मिळाला असता. भावाच्या हिशेबात खरा तोटा आईचा आहे.

भाऊ वाद घालू शकेल तो अधिवासावर. वडील अनेक वर्षं पुण्यात होते, असं तो म्हणेल. म्हणून त्यांचं मतदार ओळखपत्र, गोव्यातली जन्म आणि विवाह नोंदणी, निवृत्तीनंतर परतल्याचे पुरावे आधीच जमवा.

नॉमिनीचं म्हणाल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद असतो, वारस ठरेपर्यंतचा. मालकी त्याला मिळत नाही.

आता कामाचा क्रम. सिव्हिल रजिस्ट्रार कम सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात विशेष नोटरीपुढे सक्सेशन डीड होतं. वारस कोण, एवढंच त्यातून ठरतं. कोणाला काय मिळणार ते नाही. एकमत नसेल तर त्यासाठी वरिष्ठ श्रेणी दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवण्याचा अर्ज, दाखल करावी लागते. कुटुंबप्रमुख, बहुधा आईच, शपथेवर मालमत्तेची यादी देते. फ्लॅट त्याच यादीत घाला आणि करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचा शेअर दाखला जोडा. ‘पुण्याचं नंतर बघू’ म्हणून तो वगळला, तर पुरवणी वाटणीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. मूल्यांकन मान्य नसेल तर तिथेच हरकत घ्या. वाटणीवर एकमत झालं नाही की लिसिटेशन होतं, म्हणजे पक्षकारांमध्येच बोली. जो वस्तू घेईल त्याने इतरांच्या हिश्श्याचे पैसे भरायचे.

सर्वाधिक घोटाळे दोन ठिकाणी होतात. पहिला : सुना आणि जावई यांना पक्षकारच करत नाहीत. मालमत्ता सामाईक, म्हणून त्यांनाही नोटीस गेली पाहिजे. दुसरा बहिणीच्या ‘हक्कसोडी’चा. हक्क सोडणं बिनशर्त असावं लागतं, त्याचा नोटरीपुढे दस्त लागतो आणि तिच्या नवऱ्याची संमतीही लागते. सोडलेला वाटा बाकीच्या सगळ्या वारसांकडे जातो. ‘थोरल्या भावासाठी सोडते’ असं लिहिलं की ती हक्कसोड उरत नाही, हस्तांतर होतं. वडील हयात असताना लिहून घेतलेल्या कागदाला तर काहीच किंमत नाही.

शेवटचा आदेश आणि वाटणीचा तक्ता यांच्या प्रमाणित प्रती सोसायटीला द्या. सोसायटीने पुण्याच्या कोर्टाचा वारस दाखला मागितला, तर २०१९ च्या निकालाची प्रत जोडून लेखी उत्तर द्या. तोंडी समजावण्यात महिने जातात.

प्रश्न : आमच्या गावातल्या भातशेतीचा झोन बदलून सेटलमेंट (वस्तीचा) करण्यासाठी नगरनियोजन कायद्याच्या ३९ ए कलमाखाली नोटीस निघाली आहे. हायकोर्टाने झोनबदल रद्द केले होते ना?
– एक वाचक, तिसवाडी

उत्तर : उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा १३ मार्च २०२५ चा निकाल नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाबद्दल होता. त्या कलमाचे नियम न्यायालयाने रद्द केले. ३९ ए हे वेगळं कलम, २०२४ मध्ये आलेलं. १७(२) प्रादेशिक आराखड्यातली चूक ‘दुरुस्त’ करण्यासाठी होतं; ३९ ए सरळ ‘बदला’साठी आहे. म्हणून ‘आराखड्यात चूक नव्हतीच’ ही हरकत इथे फुकट जाते. बदल का घातक आहे, तेच लिहावं लागतं.

हरकतीसाठी ३० दिवस असतात. सर्वे नंबर, उपविभाग आणि क्षेत्रफळ नोटिशीतून जसंच्या तसं उतरवा. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा) जोडून पीक आणि कूळ कोण ते दाखवा. प्रादेशिक आराखडा २०२१ मधला झोन, पावसात पाणी कुठून कुठे जातं, मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार) किंवा बांध किती मीटरवर आहे, तारखेसह फोटो, हे सगळं हवं. गावभर सह्या घेऊन एकच छापील पत्र पाठवण्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या पाच हरकती भारी पडतात. पत्र मुख्य नगरनियोजकांकडे द्या आणि आवक शिक्का घ्या. नुसतं पंचायतीत दिलं तर ते तिथेच राहतं. माहितीच्या अधिकारात फाइल मागा, पण त्या उत्तरालाही ३० दिवसांची मुदत असते, त्यासाठी थांबू नका. भराव पडायला लागला असेल तर कलम १७ ए खाली तक्रार वेगळी.

प्रश्न : भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत आजोबांपासून घर आहे. घरपट्टी आमच्या नावावर येते. घर आमचं झालं का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. घरपट्टी म्हणजे कर कोण भरतो त्याची पावती, मालकीचा कागद नव्हे. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहतो तो मुंडकार. १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे आधी मुंडकार म्हणून नाव लावा. विकत घेण्याचा अर्ज कलम १५ खाली वेगळा करावा लागतो, आणि पुष्कळ लोक पहिल्यावरच थांबतात. जुनं वीजबिल, मतदार यादी, शाळेचा दाखला शोधा. घराचं भाडं भाटकाराला देत असाल तर मात्र मुंडकार ठरणार नाही, तेव्हा अर्जात ‘भाडं’ हा शब्द लिहिण्याआधी ते पैसे नेमके कशाचे होते, हे वकिलाला सांगा.