धनुष्य वयाबरोबर वाढू दे

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू धनुष्याला ३८ पाउंडांचे लिंब, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या वरखालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, लावून सराव करत होतास. दहाव्या बाणापासून तुझा उजवा खांदा कानाकडे चढायला लागला आणि हनुवटीला हात टेकायच्या आधीच बाण सुटू लागले. सगळ्यांसमोर बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून लिहितोय.

ह्यू लॅटिमर नावाचा एक इंग्रज पाद्री होऊन गेला. लेस्टरशायरमधल्या थर्कॅस्टनच्या शेतकऱ्याचा मुलगा. जमीन खंडाने घेतलेली, शंभरेक मेंढ्या, आई तीस गाईंच्या धारा काढायची. तो केंब्रिजला शिकला, १५३१ मध्ये वेस्ट किंग्टन या खेड्यात पाद्री झाला, पुढे वुस्टरचा बिशप. १५५५ मध्ये धर्ममतापायी त्याला ऑक्सफर्डला जिवंत जाळलं. पण मला तो आवडतो तो १५४९ च्या एका प्रवचनामुळे. समोर अकरा वर्षांचा राजा, सहावा एडवर्ड, आणि हा म्हातारा व्यासपीठावरून तिरंदाजीबद्दल बोलतोय! मैदानावरचा सराव सोडून लोक शहरातल्या वाईट नादांना लागले, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

त्यात त्याने वडिलांची आठवण सांगितली. दोर कसा ओढायचा, अंग धनुष्यात कसं घालायचं, हे त्यांनीच शिकवलं. ओढ हाताच्या जोराची नको, सगळ्या अंगाची हवी. आणि धनुष्य घेऊन द्यायचे ते त्याचं वय आणि ताकद बघून. पोर वाढेल तसं धनुष्य मोठं होत जायचं. लहानपणापासून असं घडल्याशिवाय चांगला तिरंदाज होत नाही, असं तो म्हणे. खंडाने शेती करणारा तो बाप मुलासाठी पुन्हा पुन्हा नवं धनुष्य घेत होता, हे वाचलं की मला भरून येतं.

त्याच काळातलं 'मेरी रोज' हे इंग्रज लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यातून शंभराहून अधिक धनुष्यं मिळाली. अभ्यासकांच्या अंदाजाने त्यातली बरीचशी ओढायला १०० पाउंडांहून जड होती. ती ओढणारी माणसंही लहान धनुष्यापासूनच तिथवर पोचली असणार.

मी एकोणिसाव्या वर्षी उसनं जड धनुष्य हौसेने ओढलं. खांदा गेला, दोन हंगाम मैदानाबाहेर बसून काढले. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे. तुझा खांदा वर जाताना दिसला तेव्हा मला तेच आठवलं.

रविवारी सकाळी साडेसहाला ये. जुने २८ चे लिंब आण. दहा मीटरवर, निशाणाचा कागद न लावता साठ बाण मारू. मी तुझ्या पाठीमागे उभा राहीन आणि फक्त पाठीचे स्नायू बघेन.

तुझा,
सर